बीजिंग ते ली नदी : पहिल्या चीन प्रवासाची रोजनिशी

निघण्यापूर्वी

चीनचा पहिला प्रवास आखताना सर्वांत आधी त्या देशाच्या आकाराचा विचार करावा लागतो. क्षेत्रफळाने तो भारताच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि पहिल्याच भेटीत सगळे पाहण्याचा आग्रह धरला तर विमानतळ आणि हॉटेलचे स्वागतकक्ष यांपलीकडे फारसे काही पदरात पडत नाही. म्हणून आम्ही उभयतांनी नकाशावर गावांऐवजी आधी एक लोहमार्ग निवडला. बीजिंगहून दक्षिणेला शिजियाझुआंग, तेथून झेंगझोउ आणि मग पश्चिमेकडे वळून लुओयांग व शिआन असा हा द्रुतगती मार्ग आहे. चीनच्या इतिहासातल्या तीन मोठ्या राजधान्या याच मार्गावर आहेत. माझे मूळ गाव सोलापूर असल्यामुळे या मार्गावर आणखी एक थांबा आमच्यासाठी ठरलेलाच होता. निसर्गासाठी शेवटचे दिवस दक्षिणेकडील ग्वेलिन परिसराला राखून ठेवले. शांघाय या वेळी जाणीवपूर्वक वगळले.

महिना ठरवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन असून त्याला जोडून आठवडाभर देशभर सुट्टी असते. त्या आठवड्यात निम्मा देश प्रवासात असतो, म्हणून तो टाळावा. आम्ही ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा निवडला. उत्तरेला तेव्हा आकाश स्वच्छ असते, गिंको वृक्षांची पाने पिवळी होऊ लागतात आणि थंडी एका स्वेटरमध्ये भागण्याइतकीच असते.

पर्यटन व्हिसासाठी येण्याजाण्याची तिकिटे आणि राहण्याची आरक्षणे दाखवावी लागतात, त्यामुळे मार्ग आधी पक्का करणे सोयीचे ठरते. पैशांचा व्यवहार जवळजवळ सर्वत्र फोनवरून क्यूआर कोड वाचून होतो. अलीपे किंवा वीचॅट या ॲपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड भारतातूनच जोडून घ्यावे. २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर परदेशी कार्डाला ३ टक्के आकार पडतो, म्हणून किरकोळ खर्च ॲपवरून आणि हॉटेलचे बिल थेट कार्डाने, असा हिशेब आम्ही ठेवला. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथील जाळ्यावर चालत नाहीत, परंतु भारतीय क्रमांकाच्या रोमिंगवर किंवा परदेशी ई-सिमवर ती चालतात. देशांतर्गत विमानप्रवास असेल तर पॉवर बँकेवर ‘३सी’ ही चिनी प्रमाणखूण आहे का, हे घरीच पाहावे, कारण ती खूण नसलेली पॉवर बँक तेथील विमानात नेऊ देत नाहीत.

द्रुतगती गाड्यांची तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी विक्रीस येतात आणि पारपत्र हेच तिकीट असते. बीजिंगच्या राजवाड्याची प्रवेशिका मात्र भेटीच्या केवळ सात दिवस आधी, तेथील वेळेप्रमाणे रात्री आठ वाजता खुली होते, म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. चांगल्या हंगामात ती पटापट संपते. सबंध प्रवासाचा दिनक्रम आम्ही या एका प्रवेशिकेभोवती रचला होता.

आम्ही शाकाहारी आहोत. ‘मांस, मासे, अंडी चालत नाहीत, मांसाचे सार आणि चरबीही चालत नाही’ असे चिनी लिपीत छापलेले कार्ड आम्ही जवळ ठेवले होते आणि त्याचा उपयोग रोज झाला. ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या पदार्थातही चवीसाठी थोडा खिमा घालण्याची तेथे पद्धत आहे, त्यामुळे नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही.

पहिला दिवस : बीजिंग

हाँगकाँगला विमान बदलून दुपारी बीजिंगला पोहोचलो. घंटामिनार आणि नगारामिनार यांच्या परिसरातील हुतोंगमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, मुक्काम ठेवला होता. राखाडी विटांच्या बुटक्या भिंती, मधल्या चौकाभोवती बांधलेली घरे आणि दारापुढे छोटे स्टूल टाकून बसलेली वृद्ध मंडळी असे या वस्तीचे रूप आहे. उंच इमारतींच्या भागात राहण्यापेक्षा ही जागा पहिल्या भेटीसाठी अधिक योग्य वाटली. संध्याकाळी बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरची तळून परतलेला, ‘दीसानश्येन’ नावाचा पदार्थ भाताबरोबर मिळाला आणि जेवणाची काळजी बरीचशी मिटली.

दुसरा दिवस : राजवाडा

मिंग वंशाच्या योंगले सम्राटाने १४०६ ते १४२० या काळात हा राजवाडा बांधवला आणि १९१२ साली साम्राज्य संपेपर्यंत मिंग व छिंग या वंशांचे २४ सम्राट येथून राज्य करीत होते. प्रवेश दक्षिणेच्या वू-मेन दरवाजातून आणि बाहेर पडणे उत्तरेच्या दरवाजातून अशी एकेरी व्यवस्था आहे. बहुतेक गर्दी मधल्या अक्षावरून सरळ चालत जाते आणि दोन तासांत बाहेर पडते. पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या चौकांत शिरले की मात्र निवांतपणा मिळतो, तेव्हा येथे संपूर्ण दिवस द्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

मुख्य सभागृहाच्या छपराच्या कोपऱ्यांवर मातीच्या छोट्या प्राण्यांची रांग असते. इमारतीचा दर्जा जितका मोठा, तितके प्राणी अधिक, आणि संपूर्ण दहा प्राण्यांचा मान फक्त याच सभागृहाला आहे. छपरे सर्वत्र पिवळी, मात्र ग्रंथालयाच्या इमारतीची कौले काळी आहेत, कारण काळा रंग पाण्याचा मानतात आणि ग्रंथांना भय आगीचे असते.

चौकांतून मोठमोठे धातूचे रांजण ठेवलेले आहेत. लाकडी राजवाड्याला आग लागली तर हाताशी पाणी असावे, हा त्यांचा उद्देश, आणि हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून रांजणाखाली कोळसा पेटवीत असत. त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या रांजणांवर जवळून पाहिले की उभ्याआडव्या ओरखड्यांची जाळी दिसते. १९०० साली परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी शहरात शिरलेल्या आठ राष्ट्रांच्या फौजांनी संगिनींनी सोने खरवडून नेले, त्याच्या या खुणा असल्याचे सांगितले जाते. त्या फौजेतील ब्रिटिश तुकडीत हिंदी शिपायांचा भरणा मोठा होता, ही गोष्ट भारतीय प्रवाशाने त्या रांजणापुढे उभे असताना लक्षात ठेवावी असे मला वाटते. उत्तर दरवाजासमोरच्या जिंगशान टेकडीवरून संध्याकाळी सगळी पिवळी छपरे एका नजरेत दिसतात.

तिसरा दिवस : मुथ्येनयूची भिंत

चीनची भिंत म्हणजे एक अखंड तट नव्हे. वेगवेगळ्या राजवटींनी बांधलेल्या सर्व तटांची एकत्रित लांबी २०१२ साली जाहीर झालेल्या पाहणीनुसार २१,१९६ किलोमीटर भरते. आज आपण पाहतो तो चिरेबंद आणि विटांचा भाग बहुतांशी मिंग काळातील आहे. बीजिंगजवळच्या बादालिंगला गर्दी फार, म्हणून शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवरचे मुथ्येनयू निवडले. येथे तटाच्या दोन्ही अंगांना जंग्या आहेत आणि भोवती दाट झाडी आहे. वर जायला रोपवे असला तरी तटावर चालताना गुडघ्यांचा कस लागतो, कारण पायऱ्यांची उंची सारखी नाही. गडकोट चढण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला बुरूज, चोरवाटा आणि माऱ्याच्या जागा समजावून सांगाव्या लागत नाहीत. नवी गोष्ट आहे ती चुन्याची. मिंग काळातील गवंडी चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत असत आणि त्यामुळे त्या सांध्यांना विलक्षण बळकटी आली, हे आधुनिक रासायनिक तपासणीतून सिद्ध झाले आहे. परतीच्या वाटेवर गरम वाळूत भाजलेले चेस्टनट घेतले. हा भाग त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे आणि हंगामही तोच होता.

चौथा दिवस : स्वर्गमंदिराच्या बागेतील सकाळ

चिनी संस्कृतीचा अनुभव घ्यायचा म्हणजे काय, असा प्रश्न मनात घेऊन जो जाईल त्याने सकाळी साडेसहाला स्वर्गमंदिराच्या, म्हणजे थ्येनथानच्या, बागेत जावे. वास्तू पाहण्याची वेळ नंतरची आहे. सकाळी ही बाग शहरातील निवृत्त मंडळींची असते. कोणी ताईची करीत असते, कोणी पिसांचे फूल पायाने वरच्या वर उडवीत ठेवते, लांब ओसरीवर पत्त्यांचे डाव रंगलेले असतात आणि एखाद्या कोपऱ्यात वीसतीस जणांचे समूहगान चालू असते. यांतले काहीही पर्यटकांसाठी मांडलेले नसते.

एका फरसबंद वाटेवर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ हातभर लांब दांड्याच्या कुंचल्याने नुसत्या पाण्याने अक्षरे लिहीत होते. कुंचल्याचे टोक स्पंजचे होते. एक पाऊल मागे सरकायचे, कुंचला टेकवायचा, दाबायचा, वळवायचा आणि उचलायचा. एका ओळीत सात अक्षरे याप्रमाणे चार ओळींची जुनी कविता त्यांनी पूर्ण केली तोवर पहिल्या ओळीची अक्षरे कडेने वाळू लागली होती. आम्ही बराच वेळ उभे आहोत हे पाहून त्यांनी ‘यिन्दू?’ म्हणजे ‘भारत?’ असे विचारले आणि कुंचला माझ्या पत्नीच्या हातात दिला. तिने देवनागरीत ‘नमस्कार’ लिहिले. त्यांनी त्या शिरोरेषेकडे निरखून पाहिले आणि आपल्या कुंचल्याने तीच रेषा शेजारी दोनदा ओढून पाहिली. रेषेचे वजन सुरुवातीला आणि शेवटी कसे असावे याचा ते विचार करीत होते, हे भाषेवाचून कळले.

बागेच्या मध्यावर सुगीच्या प्रार्थनेचे निळे तिहेरी छपराचे वर्तुळाकार मंदिर आहे. त्याच्या २८ खांबांची मांडणी कालगणनेशी जोडलेली आहे : मधले ४ ऋतूंचे, त्यापुढचे १२ महिन्यांचे आणि बाहेरचे १२ दिवसाच्या प्रहरांचे. मूळ इमारत १४२० सालची, परंतु १८८९ साली वीज पडून ती जळाली आणि आज दिसते ती त्यानंतर जुन्या रचनेबरहुकूम उभारलेली आहे. सम्राटाने प्रजेसाठी चांगले पीक मागायचे, हा येथील विधीचा गाभा होता. दुपार योंगह नावाच्या तिबेटी पंथाच्या विहारात घालवली. जमिनीवर १८ मीटर उंच असलेली तेथील चंदनी मैत्रेयमूर्ती पाहताना मान दुखू लागते.

पाचवा दिवस : शिजियाझुआंग

बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून सकाळची गाडी पकडली. गाडीने ताशी ३०० किलोमीटरचा वेग केव्हा ओलांडला ते डब्यातील फलकावरूनच समजले. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि घरून आणलेल्या उपम्याच्या पाकिटांना त्याचा आधार होतो. सुमारे २८० किलोमीटरचे अंतर सव्वा-दीड तासात संपते.

शिजियाझुआंग हे पर्यटकांचे शहर नाही. आम्ही तेथे उतरलो ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासाठी. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ आघाडीवर गेले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तेथेच परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

त्यांची समाधी येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही याच आवारात आहे. सायप्रस वृक्षांच्या रांगांमधून चालत गेल्यावर कोटणिसांचा पुतळा दिसतो आणि त्यामागे समाधी आहे. आम्ही गेलो तेव्हा पायथ्याशी कोणीतरी पिवळ्या शेवंतीचा गुच्छ ठेवलेला होता आणि त्याची फुले अजून ताजी होती. चीनमध्ये मृतांना शेवंती वाहण्याची रीत आहे. आम्ही सोलापूरहून कोटणिसांच्या राहत्या घराचे, आता स्मारक झालेल्या वास्तूचे, छायाचित्र नेले होते. ते तेथील सेवक बाईंना दाखवल्यावर त्यांनी ‘के दीहुआ’ हे कोटणिसांचे चिनी नाव उच्चारले आणि छायाचित्राचा फोटो आपल्या फोनमध्ये काढून घेतला. महाराष्ट्रातून चीनला जाणाऱ्या प्रत्येकाने बीजिंगमधील एखादे खरेदीचे केंद्र कमी करून या शहरासाठी अर्धा दिवस काढावा असे मला मनापासून वाटते. गाड्या भरपूर असल्यामुळे त्यासाठी मार्ग वाकवावा लागत नाही. दुपारच्या गाडीने सुमारे तीन तासांत लुओयांगला पोहोचलो.

सहावा दिवस : लोंगमेनची लेणी

शहराच्या दक्षिणेला बारा किलोमीटरवर यी नदीच्या दोन्ही काठांवरील कड्यांत ही लेणी आहेत. इ.स. ४९३-९४च्या सुमारास उत्तर वेई वंशाच्या राजाने राजधानी लुओयांगला आणली आणि काम सुरू झाले. आपल्याकडे वाकाटकांच्या आश्रयाने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे जे वैभव उभे राहिले, त्याला तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती. लहानमोठी मिळून २,३००हून अधिक लेणी व कोनाडे आणि सुमारे एक लाख मूर्ती, असा लोंगमेनचा पसारा आहे. यांतल्या काही मूर्ती बोटाच्या पेराएवढ्या आहेत.

अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला येथे पहिला फरक जाणवतो तो दगडाचा. आपला बेसॉल्ट कणखर आहे, म्हणून आपल्या कलाकारांनी खोल दालने कोरली आणि भिंतींवर गिलावा देऊन चित्रे काढली. लोंगमेनचा चुनखडक बारीक पोताचा आहे. त्याच्यावर वस्त्राची चुणी आणि लेखांची अक्षरे सुरीने कापल्यासारखी उमटतात. त्यामुळे येथे दालनांच्या भव्यतेपेक्षा पृष्ठभागावरील कोरीवकामाला आणि लेखांना महत्त्व आले, आणि असे सुमारे २,८०० लेख येथे आहेत. एका लेण्याच्या दाराशी चक्क औषधांचे पाठ कोरलेले आहेत : कोणत्या विकारावर काय घ्यावे याची सुमारे १४० कृतींची यादी. वाटसरूने ती वाचावी आणि उतरवून न्यावी, अशी त्यामागची करुणा असावी.

फंगश्येन नावाच्या लेण्यातील वैरोचन बुद्धाची मूर्ती १७.१४ मीटर उंच असून ती इ.स. ६७५मध्ये पूर्ण झाली. सम्राज्ञी वू हिने आपल्या प्रसाधनखर्चातून नाण्यांच्या २०,००० माळा या कामासाठी दिल्याचे लेखात नोंदलेले आहे. सकाळी ऊन थेट मूर्तीवर येते. तिच्या पायऱ्यांवर आम्ही तासभर बसलो. खालून पाहणाऱ्याकडे ती दृष्टी झुकलेली आहे आणि उजवीकडे सरकले तरी ती आपल्याकडेच राहते.

एक गोष्ट मात्र पाहवत नाही. असंख्य मूर्तींना शिरे नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती कापून परदेशी बाजारात विकली गेली. बिनयांग लेण्यातील राजा आणि राणीच्या मिरवणुकीचे दोन शिल्पपट आज अमेरिकेत आहेत, एक न्यूयॉर्कच्या आणि दुसरा कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात. लेण्यात त्यांच्या जागी छिन्नीच्या घावांचा ओबडधोबड पट्टा उरला आहे.

सातवा दिवस : श्वेताश्व विहार, मग शिआन

परंपरेने इ.स. ६८मध्ये स्थापन झालेला पाय-मा-स, म्हणजे श्वेताश्व विहार, हा चीनमधील पहिला बौद्ध विहार मानला जातो. कश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून येथे आले अशी कथा आहे, आणि दोघांच्या समाध्या आवारात आहेत. त्याच परिसरात भारताने सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर बांधून दिलेले मंदिर असून त्याचे उद्घाटन मे २०१०मध्ये तत्कालीन राष्ट्रपती, जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. भोवतालच्या चिनी छपरांमध्ये तो अर्धगोल घुमट आणि तोरण अनपेक्षित दिसतात. विहाराजवळच्या भोजनगृहात कांदा-लसणाशिवायचे पूर्ण शाकाहारी जेवण मिळाले. बौद्ध विहारांभोवती अशी भोजनगृहे शोधावीत. संध्याकाळी दीड तासाच्या प्रवासानंतर शिआनला उतरलो.

आठवा दिवस : मातीची सेना

१९७४च्या मार्च महिन्यात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या मूर्तीचे तुकडे सापडले आणि पहिल्या सम्राटाची, छिन श हुआंगची, भूमिगत सेना उजेडात आली. सुमारे ८,००० मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे. पहिले दालन लांबीला २३० मीटर आहे आणि गर्दी तेथेच असते. मूर्ती मुळात रंगीत होत्या, परंतु मातीतून बाहेर येताच रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत वाळून सुटतो. सम्राटाची मूळ कबर अजून उघडलेली नाही, यामागे ही चिंता मोठी आहे.

दुसऱ्या दालनाजवळ काचेत ठेवलेला गुडघा टेकलेला धनुर्धारी चुकवू नये. त्याच्या मागे जाऊन उभे राहावे. उचललेल्या टाचेखाली बुटाचा तळवा दिसतो आणि त्या तळव्यावर शिवणीचे टाके कोरलेले आहेत : टोकाला आणि टाचेला दाट, मधल्या भागात विरळ. जमिनीखाली पुरल्या जाणाऱ्या मूर्तीच्या तळव्यावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिराने हे काम केले आहे.

नववा दिवस : ह्यूएन त्संगचा मनोरा

सकाळी शिआनच्या तटावर भाड्याच्या सायकलींवरून फेरी मारली. चौदाव्या शतकातील हा तट १३.७ किलोमीटरचा असून वर मोटार जाईल एवढा रुंद आहे. नंतर ‘मोठ्या रानहंसाचा मनोरा’ पाहिला, आणि हा दिवस आम्ही खरे तर त्याच्यासाठीच ठेवला होता.

ह्यूएन त्संग सोळा-सतरा वर्षांच्या प्रवासानंतर इ.स. ६४५मध्ये येथे, म्हणजे तत्कालीन छांगआनला, परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२मध्ये हा विटांचा मनोरा बांधला गेला. आज त्याचे सात मजले असून उंची ६४ मीटर आहे. इ.स. ६४०च्या सुमारास हा भिक्षू महाराष्ट्रातही येऊन गेला. येथील लोक मानी आणि लढवय्ये आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान गिळत नाहीत, सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना देतात, असे त्याने लिहून ठेवले. सम्राट हर्षालाही न जुमानणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीची नोंद त्याने केली. पूर्वेकडील डोंगररांगेत कोरलेल्या, दाराशी दगडी हत्ती असलेल्या विहाराचेही वर्णन त्याने केले असून ते अजिंठ्याचे असल्याचे अभ्यासक मानतात. आपल्या भूमीचे त्या काळातील इतके सविस्तर वर्णन ज्याने केले, त्याने ते याच शहरात बसून सिद्ध केले. मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या खिडकीतून रुंद, सरळ रस्ते चारी दिशांना जाताना दिसतात. आम्ही पश्चिमेच्या खिडकीशी बराच वेळ थांबलो.

संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यातील महामशिदीत गेलो. तिचा मिनार चिनी धाटणीचा, लाकडी आणि अष्टकोनी आहे. बाहेरच्या गल्लीत ‘ल्यांगपी’ ही थंड, आंबट-तिखट शेवयांसारखी पट्टी शाकाहारी मिळते आणि ती उत्तम असते.

दहावा व अकरावा दिवस : लोंगशंगची भातशेती

विमानाने सुमारे दोन तासांत ग्वेलिन आणि तेथून गाडीने आणखी दोन तासांत लोंगशंगचे डोंगर. ज्वांग आणि याओ समाजांनी शतकानुशतके डोंगर तासून पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाताची खाचरे रचली आहेत. कापणी होऊन गेली होती आणि खाचरांत धसकटे उभी होती. लाकडी घरातील मुक्कामात सकाळी दारातून ढग खाली दिसत होते. वाटा पायऱ्यांच्या असल्यामुळे सामान पाठीवर मावेल इतकेच वर न्यावे.

बारावा दिवस : ली नदी

ग्वेलिन ते यांगश्वो हा ८३ किलोमीटरचा जलप्रवास बोटीने चार-साडेचार तासांचा आहे. दोन्ही तीरांवर सुळक्यांच्या रांगा एकामागून एक सरकत राहतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चुनखडक वर उचलला गेला आणि पावसाचे पाणी तो विरघळवत राहिले, त्यातून हे सुळके शिल्लक राहिले. सह्याद्रीचा लाव्हा थरांवर थर बसून सपाट माथ्याचा झाला, येथे पाण्याने माथेच तेवढे मागे ठेवले आहेत. लोंगमेनच्या मूर्तींचा दगडही याच जातीचा. शिंगपिंगजवळ बोटीतील सर्व प्रवासी २० युआनची नोट हातात धरून गच्चीवर येतात, कारण त्या नोटेच्या मागे येथलेच दृश्य छापलेले आहे. त्या गर्दीतून बाजूला होऊन बोटीच्या मागच्या टोकाला जावे. पाण्यात बुडालेल्या म्हशी, बांबूची बेटे आणि एकाच वेळी सात-आठ वेगवेगळ्या राखाडी छटांत मागे पडत जाणारे डोंगर तेथून शांतपणे पाहता येतात. चिनी चित्रांतील डोंगर मला आजवर कल्पनेतले वाटत असत. येथे ते प्रत्यक्षातले असल्याचे दिसते.

तेरावा दिवस : युलोंग नदी

यांगश्वोची मुख्य पेठ गजबजलेली आणि कर्णकर्कश आहे, तेव्हा मुक्काम युलोंग नदीकाठच्या खेड्यात करावा. सायकलीने १४१२ साली बांधलेल्या युलोंग पुलापर्यंत गेलो. एकाच कमानीचा हा दगडी पूल वेलींनी झाकलेला असून त्यावरून गावकरी अजून ये-जा करतात. वाटेत जागोजागी ऑस्मँथस फुललेला होता. त्याचा गोडसर वास आमच्या बकुळीच्या जवळचा आहे. दुपार कोणत्याही कार्यक्रमाविना नदीकाठी काढली. असा एक मोकळा दिवस आखणीतच धरावा.

चौदावा दिवस : ग्वांगझू

यांगश्वोहून गाडीने दोन-अडीच तासांत ग्वांगझू गाठले. विमान रात्रीचे होते, म्हणून दुपारी जुन्या वस्तीतील हुआलिन विहार पाहिला. भारतातून समुद्रमार्गे आलेला बोधिधर्म सहाव्या शतकात येथेच किनाऱ्याला लागला, अशी परंपरा आहे. विहाराच्या पाचशे अर्हतांच्या दालनात प्रत्येक मूर्तीचा चेहरा निराळा आहे आणि रांगांमधून फिरताना स्थानिक लोक हात जोडून एकेकापुढे थांबत होते.

विमानतळावर बसून पुढच्या प्रवासाची यादी केली. दातोंगजवळची युनगांग लेणी लोंगमेनच्या आधीची आणि वालुकाश्मातील आहेत, तर तुनहुआंगची भित्तिचित्रे अजिंठ्याशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. शिआनहून पश्चिमेला लान्झोउपर्यंत द्रुतगती मार्ग जातो. पुढच्या वेळी तेथूनच आखणी सुरू करू.